‘स्पॅनिश ट्रॅजेडी’च्या फ्लेक्सवर लेखक म्हणून कुणाचं नाव टाकायचं?

विंगेतला_बाळू

नमस्कार मंडळी. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातली हौशी नाटकवाली पोरं. दिवसा कुणी लूमवर, कुणी मेडिकल दुकानात, कुणी झेडपीत. रात्री जेवणं उरकून एका शाळेच्या हॉलमध्ये तालीम. यंदा नेहमीचं सासू-सुनेचं नाटक नको म्हणून ‘द स्पॅनिश ट्रॅजेडी’ मराठीत घेतलंय. रूपांतर आमच्यातल्याच एका पोराचं.

गोष्ट थोडक्यात सांगतो. हिरोनिमो हा स्पेनच्या दरबारातला न्यायाधीश. त्याचा मुलगा होरेशिओ आणि बेल-इम्पेरिया यांचं प्रेम. बेल-इम्पेरियाचा भाऊ लोरेंझो आणि पोर्तुगालचा राजपुत्र बाल्थझार मिळून होरेशिओला बागेतल्या मांडवात फासावर टांगतात आणि वर भोसकतात. दुसऱ्यांना न्याय देणाऱ्या बापाला स्वतःच्या पोरासाठी न्याय मिळत नाही. मग तो दरबारात एक नाटक बसवतो, मारेकऱ्यांनाच त्यात भूमिका देतो, आणि नाटकातले खून खरोखरचे होतात. त्या आतल्या नाटकात एकजण लॅटिन बोलतो, एक ग्रीक, एक इटालियन, आणि बेल-इम्पेरिया फ्रेंच. आम्ही त्याजागी तेलुगू, कानडी, दखनी आणि मराठी घेतलंय. आमच्या ग्रुपमध्ये त्यासाठी बाहेरून माणूस आणावा लागला नाही!

अडलंय ते फ्लेक्सवर. पोरानं ‘मूळ लेखक : थॉमस किड’ लिहून दिलंय. अध्यक्ष म्हणतात, हा किड कोण, त्याच्या नावावर तिकीट कोण काढणार? नेटवर शेक्सपियरचं नाव दिसतंय, तेच मोठं टाका. तिसरा म्हणतो शेक्सपियरच्याच काळातला नाटककार बेन जॉन्सन, त्याला याचे पैसे मिळालेत, पुरावा आहे. तिघांना घेतलं तर आमची नावं कुठं मावणार?

शिवाय आमच्या हिरोनिमोचा जीव चित्रकाराच्या प्रवेशात अडकलाय, तो गाळू म्हटलं की रुसतो. आणि ‘हॅम्लेट’ ह्याच्यावरूनच उचललं म्हणतात, ते खरं का? जाणकारांनी सांगावं. प्रेसवाला रोज फोन करतोय.

कट्टा_पार्कचौक

टाका की बे शेक्सपियर! २०१६ च्या ‘न्यू ऑक्सफर्ड शेक्सपियर’मध्ये ह्या नाटकातला काही भाग त्याच्या नावावर घेतलाय. ऑक्सफर्डवाल्यांना चालतं अन् तुम्हाला चालत नाही? हुतात्मा स्मृती मंदिर फुल्ल होईल.

जुना_मुनीम

बाळू मालक, प्रेसवाल्याला थोडं थांबवा. नाव एकदा छापलं की खोडता येत नाही.

मी काही इंग्रजीचा प्राध्यापक नव्हे. सूतबाजारात पेढीवर कीर्द-खतावणी लिहिण्यात जन्म गेला. ह्या नाटकाकडे मी वळलो तो एका हिशेबाच्या वहीमुळे. मुलीच्या एम.ए.च्या पुस्तकात फिलिप हेन्स्लोच्या वहीतले उतारे होते. वाचता वाचता हा माणूस मला आपल्याच गल्लीतला वाटायला लागला. लंडनमधला रंगारी हो! रंगाऱ्याकडे उमेदवारी केली, मालक वारल्यावर त्याच्या विधवेशी लग्न केलं, आणि हातात पैसा आल्यावर खळीचा धंदा, गहाणवट, घरभाडी असं सगळं केलं. १५८७ मध्ये ‘रोझ’ नावाचं नाटकगृह बांधलं. १५९२ पासून त्याची वही सुरू होते. वहीसुद्धा कोरी नव्हती, भावानं लोखंडाच्या धंद्याचे हिशेब लिहून उरलेली. त्यात आजच्या खेळाची जमा, नटांची उसनवारी, मध्येच घरगुती औषधाचा काढा. आज ही वही लंडनच्या डलिच कॉलेजात आहे.

आता तुमचं नाटक. हेन्स्लो त्याला ‘जेरोनिमो’ म्हणतो, स्पेलिंग दर वेळी वेगळं. १४ मार्च १५९२ ला पहिली नोंद आणि १५९७ पर्यंत एकंदर २९ खेळ. त्या काळात पुष्कळ नवी नाटकं थोड्याच खेळांत मरत, त्यामुळे हे दुभतं जनावर होतं यात शंका नाही. पण वहीत खेळ आहेत, रक्कम आहे, लेखक मात्र कुठंच नाही.

छापील प्रतींचं तेच. १५९२ ते १६३३ ह्या काळात दहाएक आवृत्त्या निघाल्या, एकीवरही लेखकाचं नाव नाही. पहिल्या आवृत्तीवर तारीखसुद्धा नाही. ती १५९२ ची ठरवली ती भांडणावरून. छापायचा हक्क एबल जेफ्सकडे होता आणि एडवर्ड व्हाइटनं परस्पर छापलं. इकडे जेफ्सनं व्हाइटच्या हक्काचं ‘आर्डन ऑफ फॅव्हरशॅम’ छापून टाकलं होतं. १८ डिसेंबर १५९२ ला छापखानेवाल्यांच्या पंचायतीनं दोघांना प्रत्येकी १० शिलिंग दंड केला आणि दोघांचा माल जप्त. दोघं प्रकाशक एकमेकांच्या उरावर बसले, त्यात लेखकाला कुणी विचारलं नाही, कारण नाटक एकदा कंपनीला विकलं की लेखकाचा त्याच्याशी संबंध संपला.

मग किड आला कुठून? एका ओळीतून. १६१२ मध्ये टॉमस हेवूड नावाच्या नाटककारानं नटांची बाजू मांडणारं पुस्तक काढलं. रोमचे बादशहासुद्धा नाटकात रमायचे हे सांगताना तो ‘स्पॅनिश ट्रॅजेडी’तल्या नीरोबद्दलच्या तीन ओळी देतो, आणि त्या ‘एम. किड’च्या म्हणून देतो. बस्स. हा सगळा पुरावा. ती ओळसुद्धा १७७३ पर्यंत पडून होती, थॉमस हॉकिन्सनं ती पुढं आणली. म्हणजे दीडशेवर वर्षं ह्या नाटकाला बापच नव्हता.

एका ओळीवर एवढा विश्वास का, असं तुमचे अध्यक्ष विचारतील. पेढीवरचं सांगतो. मुद्दाम पुरावा म्हणून केलेल्या नोंदीकडे मी आधी संशयानं बघतो. जाता जाता, दुसरंच काही सांगताना पडलेली नोंद सहसा खरी असते. हेवूडला नाटक कुणाचं हे सिद्ध करायचं नव्हतं. किड जाऊन १८ वर्षं झालेली, त्याचं नाव घेऊन कुणाचं भलं होणार नव्हतं. आणि हेवूड बाहेरचा नव्हे, हेन्स्लोकडेच कामाला होता. त्या धंद्यात कुणी काय लिहिलं हे त्याला माहीत नसेल तर कुणाला असणार?

थॉमस किड म्हणजे दस्त लिहिणाऱ्याचा मुलगा. बाप फ्रान्सिस किड लंडनमध्ये खतं, कर्जरोखे, करारनामे लिहून द्यायचा. ६ नोव्हेंबर १५५८ ला पोराचा बाप्तिस्मा झाला. मर्चंट टेलर्स शाळेत शिकला, कवी स्पेन्सरही त्याच शाळेचा. आता नाटकाचा शेवट बघा. हिरोनिमोनं स्वतःची जीभ चावून तोडलीय, राजा म्हणतो लिहून दे, लेखणी देतात. तो खुणेनं लेखणी तासायला चाकू मागतो, आणि त्याच चाकूनं लोरेंझोच्या बापाला, म्हणजे ड्यूकला, आणि स्वतःला संपवतो. त्याच्या आधी एका प्रवेशात लोक कर्जरोखे, भाडेपट्टे घेऊन न्याय मागायला येतात आणि वेडाच्या भरात तो ते सगळे कागद फाडतो. हे दस्त लिहिणाऱ्याच्या पोरालाच सुचावं असं मला वाटतं. पुरावा म्हणून नाही सांगत हो, मनात येतं म्हणून सांगतो.

बिचाऱ्याचे हाल फार झाले. मे १५९३ मध्ये लंडनमधल्या परदेशी कारागिरांविरुद्ध भिंतीवर धमक्या चिकटवल्या गेल्या. त्या शोधात १२ मे ला किडला धरलं. खोलीत धर्मविरोधी कागद सापडले. छळ झाल्यावर त्यानं सांगितलं, हे नाटककार मार्लोचे, आम्ही दोन वर्षांपूर्वी एका खोलीत लिहायला बसायचो, तेव्हा मिसळले असतील. ३० मे ला मार्लोचा खून झाला. किड सुटला पण आश्रय तुटला. राणीचा बडा अधिकारी सर जॉन पकरिंग, त्याला त्यानं विनवणीची पत्रं लिहिली, त्यामुळे त्याचं हस्ताक्षर आज बघायला मिळतं. ऑगस्ट १५९४ मध्ये गेला, वयाच्या ३५ व्या वर्षी. डिसेंबरात आईनं त्याच्या मालमत्तेचा कारभार घ्यायला रीतसर नकार दिला. मुनीम माणसाला त्याचा अर्थ लगेच कळतो, मागं बहुधा देणीच उरली होती. त्या वर्षी त्याच्या नावानं छापलेलं पुस्तक एकच, ‘कॉर्नेलिया’ हे फ्रेंचवरून केलेलं भाषांतर. २९ खेळ झालेल्या नाटकावर नाव नाही आणि जे नाटकगृहात कुणी लावलं नाही त्यावर आहे.

आता तुमच्या तिसऱ्या मित्राचा बेन जॉन्सन. वहीत ह्या नाटकापायी त्याच्या दोन नोंदी आहेत. २५ सप्टेंबर १६०१ ला ‘जेरोनिमो’तल्या भरीबद्दल ४० शिलिंग. २२ जून १६०२ ला १० पौंड, पण ते ‘रिचर्ड क्रुकबॅक’ ह्या नव्या नाटकाचा इसार आणि ‘जेरोनिमो’ची आणखी भर, दोन्ही मिळून. तेव्हा अख्खं नवं नाटक ६ पौंडांच्या आसपास जायचं, म्हणजे रक्कम लहान नाही. आणि १६०२ मध्येच नवी आवृत्ती निघाली, ‘चित्रकाराचा भाग व इतर भर’ असं मुखपृष्ठावर लिहून. पाच ठिकाणी मिळून सुमारे ३२० ओळी वाढल्या. चट्कन जुळवलं की जॉन्सन झाला लेखक.

पण मालक, पैसे दिले ही नोंद आहे, माल पोचला ही नाही! जॉन्सननंच १६०० च्या ‘सिंथियाज रेव्हल्स’मध्ये एका पात्राकरवी ‘पहिल्यांदा झालं तसं जुनं हिरोनिमो’ अशी थट्टा केलीय. म्हणजे जुनं आणि बदललेलं अशी दोन रूपं लोकांना तेव्हाच ठाऊक होती, त्याला पैसे मिळण्याच्या आधी. दुसरं, ७ जानेवारी १५९७ च्या खेळापुढं हेन्स्लोनं ‘ने’ अशी खूण केलीय. ती तो बहुतेक नव्या किंवा नव्यानं दुरुस्त केलेल्या नाटकाला करायचा. तेव्हा १६०२ ला छापलेली भर जॉन्सनचीच असं मी तरी खतावणार नाही. त्यानं लिहिलेलं कुठं गेलं, कुणास ठाऊक.

शेक्सपियरचं नाव हेन्स्लोच्या वहीत एकदाही नाही. माझ्यापुरतं तिथं थांबतं.

विंगेतला_बाळू

मुनीमकाका, कमाल आहे! चाकू-लेखणीचा प्रसंग आम्ही सोपा करून सरळ कट्यार दिली होती. आता परत लेखणी आणतो. पण मग नेटवर शेक्सपियर का? आणि मुळात ही गोष्ट कुठली? स्पेनमध्ये असं काही घडलं होतं का?

सातरस्ता_मॅडम

बाळू, मी इंग्रजीच शिकवत होते, म्हणून थोडी भर घालते.

गोष्ट स्पेनची नाही. मुख्य कथानकाचा एकही मूळ ग्रंथ आजवर सापडलेला नाही, आणि त्या काळच्या नाटकात ही दुर्मीळ गोष्ट आहे. पार्श्वभूमीला एवढंच खरं की १५८० मध्ये स्पेननं पोर्तुगाल गिळला. नाटकातली लढाई, तह, लग्नाची बोलणी यांत त्याचा वास आहे, इतिहास मात्र नाही. साचा रोमन नाटककार सेनेकाचा. त्याच्या दहा शोकांतिका इंग्रजीत १५८१ मध्ये एकत्र छापल्या गेल्या होत्या. सूड मागणारं भूत, रक्त, लांब भाषणं हे सगळं तिथलं. सुरुवातीला लढाईत बाल्थझारच्या हातून मेलेल्या आंद्रेआचं, बेल-इम्पेरियाच्या आधीच्या प्रियकराचं, भूत पाताळातला प्रवास सांगतं ते व्हर्जिलच्या ‘इनिड’च्या सहाव्या सर्गावरून. किडची स्वतःची करामत पुढंच आहे. भूत आणि सूड ही दोन पात्रं आल्यापासून शेवटपर्यंत रंगमंचावरच बसून नाटक बघतात. म्हणजे दरबारी लोक हिरोनिमोचं नाटक बघतायत, त्यांना हे दोघं बघतायत, आणि ह्या सगळ्यांना प्रेक्षक. ह्या दोघांना विंगेत पाठवू नका, नाटक पडेल.

‘हॅम्लेट’बद्दल. सूड घ्यायला लागणारा उशीर, वेड, नाटकातलं नाटक, भूत हे सगळं किडकडे आधी आहे, फक्त इथं बाप मुलासाठी झुरतो. पण ‘उचललं’ म्हणू नका. हॅम्लेटची मूळ कथा डेन्मार्कचा इतिहासकार सॅक्सो याची, आणि ती बेलफॉरेच्या फ्रेंच पुस्तकातून पुढं आली. शिवाय शेक्सपियरच्या आधी एक ‘हॅम्लेट’ रंगमंचावर होतं, ते हरवलंय. ९ जून १५९४ ला त्याचा खेळ झाल्याची नोंद मुनीमकाकांच्या लाडक्या वहीतच आहे, जमा ८ शिलिंग. १५८९ मध्ये टॉमस नॅश ह्या लेखकानं दस्तलेखनाचा वडिलोपार्जित धंदा सोडून सेनेका वाचून ‘हॅम्लेटं’ पाडणाऱ्यांची खिल्ली उडवली आणि तिथंच इसापच्या करडाचा (इंग्रजीत ‘किड’) उल्लेख केला, तोही किडच्या नावाशी मिळताजुळता. त्यावरून ते हरवलेलं नाटक किडचं असं पुष्कळ जण मानतात. मला हे ओढूनताणून वाटत नाही, पण सही करायला सांगितली तर करणार नाही. आगरकरांनी ‘विकारविलसित’ केलं ते अर्थात शेक्सपियरचं ‘हॅम्लेट’.

शेक्सपियरच्या बाबतीत मात्र काकांशी माझं पटत नाही. त्या ३२० ओळींत जॉन्सन दिसत नाही, शेक्सपियर दिसतो, असं कवी कोलरिज १८३३ मध्येच म्हणून गेला होता. अलीकडे ह्यू क्रेग आणि ब्रायन व्हिकर्स ह्या अभ्यासकांनी शब्दांच्या सवयी मोजून तेच म्हटलं. २०१३ मध्ये टेक्सासच्या डग्लस ब्रस्टरनं वेगळा मार्ग धरला. ‘सर थॉमस मोर’ ह्या नाटकाच्या हस्तलिखितातली तीन पानं शेक्सपियरच्या हातची मानतात. त्या अक्षराच्या आणि स्पेलिंगच्या ज्या खोडी आहेत त्याच ह्या भरीत छापखान्यात झालेल्या चुकांमागं दिसतात, अशा चोवीस खुणा त्यानं दाखवल्या.

‘वहीत नाव नाही’ हा काकांचा मुद्दा मला लंगडा वाटतो. वही एका मालकाची. शेक्सपियरच्या कंपनीचा नट रिचर्ड बर्बेज १६१९ मध्ये वारला, त्याच्यावरच्या विलापिकेत त्याच्या गाजलेल्या भूमिकांत हॅम्लेट आणि लिअरच्या जोडीला ‘म्हातारा हिरोनिमो’ आहे. म्हणजे हे नाटक त्या कंपनीकडेही होत असावं. मग भर हेन्स्लोकडच्या संचातली कशावरून?

जुना_मुनीम

बाई, बर्बेजचा मुद्दा मान्य. दोन पेढ्यांवर एकच माल असेल तर एका वहीवर भागत नाही.

चोवीस खुणांबद्दल मात्र माझा हात अडतो. तीन पानं शेक्सपियरच्या हातची, हे आधी धरून चालायचं. मग छापलेल्या पानामागं न सापडलेलं हस्तलिखित कल्पायचं, आणि दोन्ही जुळवायचं. त्या काळात अक्षरं आणि स्पेलिंगं किती जणांची तशीच होती? वही जपून वापरा म्हणता, तर अक्षरही जपून वापरा. एकोणिसाव्या शतकात जॉन पेन कॉलियर नावाच्या विद्वानानं खुद्द हेन्स्लोच्या वहीत खोट्या नोंदी घुसडल्या होत्या. मार्लोच्या ‘फॉस्टस’मधल्या भरीबद्दल डेकर ह्या नाटककाराला २० शिलिंग दिल्याची एक नोंद त्याचीच. जॉन्सनच्या दोन्ही नोंदी अस्सल आहेत, हे बाळूनं मित्राला सांगावं.

बाळू मालक, तुमच्या पोराच्या रूपांतरात चित्रकाराचा प्रवेश आहे की नाही, यावर फ्लेक्स अवलंबून. नसेल तर किड, विषय संपला. आहे म्हणता, तर तो प्रवेश कुणाचाही असो, किडचा नाही. छापलाय तो किड मेल्यावर आठ वर्षांनी. म्हणून मूळ नाटकापुढं किडचं नाव टाका आणि खाली बारीक अक्षरात ‘चित्रकाराचा प्रवेश : १६०२ ची वाढीव आवृत्ती’ एवढंच. लेखकाची जागा रिकामी सोडायला लाजू नका.

आणि तो गाळू नका. खून झालेल्या पोराचा एक बाप दुसऱ्या तशाच बापाला विचारतो, तुला आक्रोश रंगवता येईल का? चित्रकार म्हणतो, भासापुरता येईल, साहेब. तुमचा नट रुसतो ते बरोबर आहे. पण त्याच्याच पुढं म्हातारा बाझुल्तो मेलेल्या मुलाचा अर्ज घेऊन येतो तो प्रवेश किडचा आहे, आणि दोन्हींत एकच दुःख आहे. दोन्ही सगळेच्या सगळे ठेवलेत तर शेवटची बस चुकेल लोकांची. बाझुल्तोचा थोडा कापा.

कट्टा_पार्कचौक

मग अध्यक्षांच्या तिकिटांचं काय बे?

सातरस्ता_मॅडम

जाहिरातीत ‘हॅम्लेटच्या आधीची सूडकथा’ लिहा. खरं आहे आणि शेक्सपियरही ओळखीचा वाटतो. बेन जॉन्सनला मात्र फ्लेक्सवर घेऊ नका. डेकरनं त्याला टोमणा मारलाय की तू गाडीमागून पायी फिरत वेडा जेरोनिमो करायचास. पुढं मोठा झाल्यावर १६१४ मध्ये ‘बार्थोलोम्यू फेअर’च्या सुरुवातीला त्यानंच लिहिलं की जेरोनिमो आणि (शेक्सपियरचं) अँड्रॉनिकस हीच आजवरची उत्तम नाटकं असं जो शपथेवर सांगेल त्याची बुद्धी पंचवीस-तीस वर्षं जागची हललेली नाही. अभ्यासक त्यावरून नाटक १५८४ ते १५८९ मधलं धरतात, एवढाच त्याचा उपयोग.

विंगेतला_बाळू

मजकूर प्रेसला गेला : ‘मूळ नाटक : थॉमस किड’, आणि खाली मुनीमकाकांची बारीक ओळ जशीच्या तशी. ‘हॅम्लेटच्या आधीची सूडकथा’ अध्यक्षांना इतकी आवडली की ती नावापेक्षा मोठी झालीय, त्याला माझा इलाज नाही. बाझुल्तो करणारे आजोबा कापाकापीवर नाराज आहेत. त्यांचे निम्मे संवाद ठेवले आणि भूत-सूड दोघांना स्टूल देऊन डाव्या कोपऱ्यात बसवलं.